तिसरा ठिपका

गंगाखेडच्या बाजारात मी लोकर इकायला बसलो होतो, आन् इकण्यापरीस बोलणंच जास्ती चालू होतं. चार माणसं जमली की माझ्या अंगात येतं. माझ्याच फजितीच्या गोष्टी सांगायलो होतो, माणसं पोट धरून हसायली होती. तेवढ्यात एश्टीतून आमच्या गावचा नामदेव उतरला आन् नीट माझ्याकडंच आला. "म्हाळू, घरी चल." मी म्हणलं, "काहून? मेंढी व्याली का माय रुसली?" सगळे हसले. नामदेव हसला न्हाई. त्यानं माझं लोकरीचं गाठोडं उचललं आन् सोताच्या खांद्यावर घेतलं... दुसऱ्याचं ओझं आपणहून उचलणारा गडी न्हवता तो. एश्टीत इचारलं, "माय?" म्हणला, "माय बरी हाय." आमच्या घरात माणसं तीन. माय, मी आन् माझा थोरला भाऊ, बिरूदादा. पुढं मी इचारलंच न्हाई. आमची पोखर्णी येईस्तोवर खिडकीभाईर बघत बसलो.

त्याला आता महिना होऊन गेला. मला लिहिता येत न्हाई. मी बोलतो आन् पेपरातला एक भला माणूस टिपून घ्यायलाय. चुकलं तर त्याचं, बरं निघालं तर माझं.

दादा जन्मापासून मुका आन् बहिरा. आमच्या घरातलं सगळं बोलणं देवानं माझ्याच वाट्याला टाकलं आन् सगळी अक्कल त्याच्या. असं माय म्हणायची, आन् ती खोटं बोलत न्हाई. दादाच्या हाताला भाषा होती. डोक्यावर पदर घेतल्यासारखं केलं की माय. सोताच्या दातावर बोट वाजवलं की मी... माझे दात कवाच झाकलेले नसतात म्हणून. बोटं जुळवून तंबूच्या पालासारखी केली की घर. मेंढरं त्याच्या नुसत्या नजरेवर चालायची. माझ्यामागं चालायची न्हाईत, मलाच त्यांच्यामागं पळावं लागायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्या सालची गोष्ट. दोन मेंढ्या चरत चरत गंगेच्या पल्याड गेल्या. गोदावरीला आमी गंगाच म्हणतो. दादा त्यांच्यामागं गेला तो आलाच न्हाई. आमी गावोगाव हिंडलो. पल्याडच्या एका गावात त्याला धरून ठिवलं होतं. त्या दिवसांत मेंढरं लय चोरीला जायची, आन् हा परका माणूस दोन मेंढ्या घेऊन चाललेला, इचारलं तर नुसते हात हालवायलाय. लोकांना वाटलं, चोर हाय आन् मुक्याचं सोंग करायलाय. आमच्या वळखीचा एक मेंढका तिथून चालला होता. त्यानं मेंढ्यांच्या पाठीवरची गेरूची खूण बघितली, एक आडवी रेघ आन् खाली दोन ठिपके. म्हणला, ही तर पोखर्णीकडल्या म्हाळूची मेंढरं. त्यानं सांगावा धाडला. मी आन् माय पोचलो तर मेंढ्या सावलीला पाला खायल्या, आन् दादा लिंबाला बांधलेला. ओठ फुटलेला. मी म्हणलं, "आवो, मेंढरं सोडली, मग माणूस काहून बांधला?" एक म्हातारा म्हणला, "मेंढरावर खूण हाय बाबा. ह्याच्यावर कुठं काय हाय?"

मायनं दोर सोडला आन् घरी आल्यावर फर्मान काढलं, "बिरू आता भाईर पाऊल टाकणार न्हाई." मग मेंढरं आली माझ्या गळ्यात. एकदा तर मी रानात त्यांना हुडकत बसलो आन् ती माझ्याआधी घरी येऊन उभी! पण हसायला कुणाला जीव होता? दादा उंबऱ्यात बसून वाटंकडं बघायचा. भाकर तशीच ठिवायचा. बसल्या जागी माणूस वाळायला लागला.

तवा मी मायला म्हणलं, त्याच्या हातावर गोंदून घेऊ. कुठंबी अडकला तर लोकांना कळंल कुणाचा हाय. माय म्हणली, "नाव गोंदायचं का?" म्हणलं, "नाव वाचणार कोण? रानात सगळे माझ्यासारखेच. खूण गोंदू, मेंढराची. गंगेच्या दोन्ही अंगाचे मेंढके वळखतात." मायनं हातातलं उलथनं चुलीत टाकलं. "माझ्या पोटचं लेकरू हाय ते! कळपातलं मेंढरू न्हाई. पुन्ना बोललास तर तुझ्या तोंडावर गोंदीन." त्याच्यावर कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली न्हाई. घरात एक मुका होता, त्याचे तीन झाले.

ताडकळसच्या बाजारात एक म्हातारी गोंदायला बसायची. सुया, काजळी, पाल्याचा रस, एवढंच तिचं दुकान. मी दादाला घेऊन निघालो तर माय म्हणली, मला मीठ आणायचंय. आली, आन् म्हातारीकडं पाठ करून बसली. मी खूण सांगितली. म्हातारीनं सुई खाली ठिवली. "तुळस गोंदते, पाळणा गोंदते, चंद्रकोर गोंदते. माणसाला मेंढराचा डाग मी देणार न्हाई. मेल्यावर बाकी सगळं हितंच राहतं, गोंदण तेवढं संगं जातं. वर काय दाखवंल हा?" माय तिकडं तोंड करूनच म्हणली, "आता ऐक!"

मी दादाकडं बघितलं. चल, असं खुणावलं. तो उठला न्हाई. त्याच्या कमरंला गेरूचा खडा कायम असायचा. तो त्यानं काढला, थुंकी लावली आन् सोताच्या मनगटावर खूण काढली. एक रेघ, दोन ठिपके. मग माझा हात ओढला, त्याच्यावर काढली. मग मायच्या पुढं जाऊन बसला. मायनं हात पदराखाली घेतला. त्यानं हळूच पदर बाजूला सारला, हात धरला. तिच्याबी मनगटावर खूण काढली. मग तीन हात दाखवले आन् बोटं जुळवून पाल केलं. घर.

मायनं त्या बोटांकडं बघितलं. मग ती म्हातारीपुढं सरकली. "आधी माझा हात घे." म्हातारीनं एकदा तिघांकडं बघितलं आन् सुई उचलली.

मायनं हूं केलं न्हाई. दादानं पापणी हालवली न्हाई. माझ्या येळेला मी अशी बोंब ठोकली की मिरचीवाली दुकान सोडून पळत आली. दुसरा ठिपका देताना मी हात हिसकला आन् एक ठिपका जास्तीचा पडला. म्हातारी म्हणली, "आता हे मेंढरू कुणाचं ते देवच जाणे." दादा हसला. त्याच्या हसण्याला आवाज नसायचा, नुसते खांदे हालायचे.

दुसऱ्या दिवशी मायनं त्याची भाकर बांधली. तवापासून रोज सांजंला तो मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी उभा राहून एकेका मेंढीच्या पाठीवर हात ठिवून आत सोडायचा. सगळ्यात शेवटी मला. माझं मनगट धरायचा, तिसऱ्या ठिपक्यावर आंगठा दाबायचा आन् खांदे हालवायचा.

त्या दिवशी नामदेवासंगं घरी पोचलो तर अंगणात परक्या गावची बैलगाडी. दादाला पल्याडच्या रानात पान लागलं होतं. पान म्हणजे साप, आमी त्याचं नाव घेत न्हाई. ओरडून बोलवायला त्याला आवाज न्हवता... तिथल्या शेतकऱ्यांना दिसला तवर जीव गेला होता. त्यांनी त्याला कवा बघितलं न्हवतं. त्यांनी मेंढरांवरची खूण बघितली, मग त्याचं मनगट उलटं केलं. आन् इचारत इचारत, गाडीत घालून, मागं मेंढरं हाकत आणला. माय त्याचा हात मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडं बघून म्हणली, "बांधला न्हाई रं ह्या येळंला. नीट घरी आणला."

मेंढरं वाड्याभाईर उभीच होती. पाठीवर हात पडल्याबिगर ती आत जात न्हाईत.

आता तिथं मी उभा राहतो. शेवटची मेंढी आत गेली तरी वाड्याच्या दाराचा झाप लावत न्हाई, उगंच थांबतो. आतून माय म्हणती, "म्हाळू, आलं का सगळं?" मी माझ्याच आंगठ्यानं तिसरा ठिपका दाबतो. मग हसतो जरासं, दादासारखं... आवाज न करता.