मशीन बंद हाय

नेकनूरला आमच्या हायस्कूलसमोर एका गड्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. पोरांनी चुरगळलेली पानं पुढं केली, की हा हात मागं बांधतो. "आधी नंबरवार लाव बे. मशीन कुठं पळून जायलंय?" पोरगं पानं लावतं, हा गठ्ठा काउंटरवर तीनदा आपटून सरळ करतो आणि मगच मशीनचं झाकण उघडतो.

त्याची आणखी एक खोड आहे. प्रकल्पवह्या जमा करायच्या आदल्या दिवशी त्याचं मशीन हमखास बिघडतं आणि दारावर 'मशीन बंद हाय' अशी पाटी लागते. पहिल्या वर्षी पोरं रडकुंडीला आली. आता आठवीतलं पोरगंसुद्धा चार दिवस आधीच झेरॉक्स काढून मोकळं होतं. हे माझ्या वेळेच्या नियोजनावरच्या भाषणांचं फळ, असं मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवत असे.

यंदा माझ्या विषयाची चाचणी नेमकी प्रकल्पवह्यांच्याच दिवशी आली. आदल्या दुपारी पेपर घेऊन गेलो, तर दारावर पाटी. मशीनची वायर नीट गुंडाळून, रबर लावून काउंटरवर ठेवलेली.

"अहो, पिन लावा की," मी म्हणालो.

त्यानं माझ्या मागं रस्त्यावर उभ्या असलेल्या आमच्या शाळेच्या पोरींकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "लावली असती सर. पण पोरी बघायल्यात."

दुसऱ्या दिवशी मी अख्खा पेपर फळ्यावर लिहून काढला. वर्गाकडं पाठ होती, तरी पहिल्या बाकावरून अगदी मऊ आवाजात चौकशी आलीच.

"सर, काल मशीन बंद होतं का?"