लांबून आलेला आधी

माणसाचं तोंड बघण्याआधी देवजी त्याचे पाय बघायचा. जव्हार संस्थानच्या कचेरीपुढे सकाळी लोक जमले, की हा म्हातारा शिपाई वाकून एकेकाच्या पोटऱ्यांवरचा चिखल न्याहाळी आणि आत येऊन सांगे, "हा दाभोशाचा. नदी उतरून आलाय. याला आधी घ्या." पुकारा यादीप्रमाणे करायचा असा नियम होता, पण देवजी लांबून आलेल्याला पुढे काढी. जवळचे लोक कुरकुरले की म्हणे, "तुमची घरं इथून दिसतात. याचं दिसायला अजून दोन डोंगर हायेत."

तो स्वतः संस्थानातला नव्हे, खालसातला, मोखाड्याकडच्या पोशेऱ्याचा. इंग्रजांचा मुलूख सोडून राजाच्या चाकरीत का आलास, असं विचारलं तर हसायचा. "तिकडचा साहेब घोड्यावरून बोलतो. इथला निदान ओट्यावरून बोलतो."

मी त्या कचेरीत उमेदवार कारकून होतो. शाळा चौथीतच सुटलेली, घर पार मालवणाकडे. कुणाच्या तरी शब्दावर जागा मिळालेली, तेव्हा आपल्या हातून चूक होईल आणि उद्या घरी पाठवतील, ही धास्ती जेवतानाही सुटत नसे.

भाताची रोपं लावायचे, आवणीचे दिवस होते. देवजी कचेरीतल्या साहेबांबरोबर फिरतीवर गेला होता, म्हणून पुकारा मी केला, अगदी यादीप्रमाणे. आधी एक लाकडाचा व्यापारी, मग दोन पाटील. दाभोशाचा बुध्या उजाडताच येऊन उभा होता. त्याची पाळी दुपार कलल्यावर आली. संस्थानच्या रानातला साग तोडल्याचा त्याच्यावर आळ होता.

"साग तू तोडलास?"

"हा."

"एकट्यानं?"

"हा."

"कुऱ्हाड तुझीच?"

"हा."

इतकी सरळ जबानी मला कधी मिळाली नव्हती. मी अंगठा घेतला, कागद वर पाठवला. बुध्या घरी जायला वळला, तर त्याला कोठडीकडे नेलं. तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. काही समजलं नाही, पण झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी देवजी परतला. "तो काय खाऊन आला होता?" त्यानं विचारलं. मला ठाऊक नव्हतं. "बसवला तरी होता?" नव्हता.

"मग ती जबानी बुध्याची नाय, भाऊसाहेब, त्याचे पोटाची. रोप वाफ्यात उभं, घरी बाईल एकटी. नाय म्हटलं तर परत बोलावतील, हा म्हटलं तर सोडतील, असं वाटलं त्याला. आता आवणी गेली की वरीसभर काय खाईल?"

"मग तू सांग ना कारभाऱ्यांना."

"माझं बोलणं दारापाशी राहतं. तुमचं कागदावर गेलंय. तुम्हीच जा."

संस्थानचा सगळा कारभार ज्यांच्या हाती, त्यांच्यापुढे मी उभा राहिलो. कसंबसं म्हणालो, जबानी उपाशी माणसाची आहे, पुन्हा विचारावं.

"चौथी शिकलेला उमेदवार आम्हाला न्याय शिकवणार?" ते कडाडले. मग कागद पुन्हा वाचून म्हणाले, "आणा त्याला."

तोवर देवजीनं बुध्याला खाली बसवून आपली नागलीची भाकर खाऊ घातली होती.

"साग तोडलास?"

"नाय."

"काल तर हा म्हणालास!"

"काल वाटलं, हा म्हटलं की जा म्हणाल."

त्या जबानीखेरीज दुसरा पुरावा नव्हता. बुध्या सुटला. आमच्याकडे न बघता तो उतारावरून जवळजवळ पळतच गेला. मला कुणी काढलं नाही. कायम मात्र बऱ्याच उशिरा केलं.

मी देवजीला विचारलं, "तू फिरतीवर असताना मी लिहिलेल्या बाकीच्या जबान्या?" त्यानं धीर द्यावा, अशी माझी फार इच्छा होती.

"वाचाय तुम्हाला येतं," तो म्हणाला. "काढा आन् वाचा."

मी दप्तर काढलं. शिक्षा झालेल्या कबुलीच्या जबान्या पाच गावांतल्या निघाल्या. पुढच्या सुट्टीला आम्ही दोघे त्यातल्या वावर गावाला गेलो. तिथला काकड्या शिक्षा भोगून आला होता. तेव्हा हा म्हणालास ते खरं होतं का, असं मी त्याला विचारलं. विळ्याला धार लावता लावता तो थांबला.

"आता नाय म्हटलं, तर ते दिवस परत द्याल?"

परतताना घाट चढून आल्यावर देवजीनं विचारलं, "अजून किती गावं?"

"चार."

"मग पुढल्या सुट्टीला लवकर निघू."

देवजी पोशेऱ्याला तापानं वारला, तेव्हा त्यातलं एक गाव राहिलं होतं. तिथे एकट्यानं जायचा धीर मला अजून झालेला नाही.