पटराणीच्या पट्ट्याची पिन

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखत असलात तर त्या होर्डिंगवरून, आणि त्या होर्डिंगचाच मला आता वीट आला आहे.

नागपूरहून कन्हानकडे जाताना दिसतं ते. ढेपेच्या, म्हणजे गुरांच्या खाद्याच्या कंपनीचं. बैलाच्या गळ्यात हात टाकून मी हसते आहे आणि खाली लिहिलं आहे, 'मायेनं हाका'. दरवर्षी पोळा जवळ आला की कंपनी तो फोटो नव्यानं लावते आणि माझा फोन वाजायला लागतो. मॅडम, आमच्या शाळेत या. मॅडम, मुक्या जनावरांवर दोन शब्द बोला. मी जाते, बोलते, शाल-नारळ घेऊन नागपूरला परत येते. आणि घरी आल्यावर नवऱ्यावर चिडते, कुकरच्या शिट्टीवर चिडते. त्याला वाटतं, दगदगीनं होत असेल. असू दे, वाटू दे.

पण मी पुन्हा दुसरीकडेच निघाले. नीट सांगते.

माझं माहेर पारशिवनीकडचं. आमच्याकडे शंकरपटाचं वेड — म्हणजे बैलजोडीची शर्यत. दोन बैल, हलकी छकडी आणि ती हाकणारा धुरकरी. धुरकरी पुरुषच असायचा, पण बाबांना मुलगा नव्हता आणि मला भीती नव्हती, म्हणून आमची जोडी मी हाकायला लागले. बाई छकडीवर बसली की गर्दी दुप्पट होते, हे आयोजकांना लवकर कळलं. मग बायकांचे वेगळे पट सुरू झाले. पुढे पटांवर बंदी आली, उठली. ही त्या बंदीच्या आधीची गोष्ट. एका मोठ्या पटात मी पहिली आले आणि कोणा हौशी माणसानं माझ्या खांद्यावर रेशमी पट्टा टाकला : 'महाराष्ट्राची पटराणी'. कोटी सगळ्यांना आवडली. मलाही आवडली, खोटं कशाला बोलू?

दुसरी आली होती रंजना. उमरेडची, वडील कोळशाच्या खाणीत, दारात स्वतःची जोडी. ती माझ्यापेक्षा चांगली हाकायची. त्या दिवशी तिचा एक बैल माईकच्या आवाजाला बिचकला, एवढाच काय तो आमच्यातला फरक.

त्याच हिवाळ्यात पंजाबातल्या गावाकडच्या खेळांच्या एका मेळ्यातून बोलावणं आलं. प्रत्येक राज्यानं आपला एक खेळ दाखवायचा. आपल्याकडून पट ठरला. राणी म्हणून मी, आणि काही अडलं तर बदली म्हणून रंजना. बरोबर एक सरकारी साहेब. आपल्या राज्याचं नाव घेऊन जायचं म्हणून आईनं मला ओवाळलं होतं.

आणि तिथं काय झालं? मला नटवलं. कोल्हापुरी फेटा, पश्चिम महाराष्ट्रातली नऊवारी, ठसठशीत नथ. मी साहेबांना म्हटलं, आमच्याकडे असं नसतात नेसत, आणि हे नेसून छकडी हाकायची कशी? ते म्हणाले, "अहो, इथं कोणाला काय कळतं? महाराष्ट्र दिसला पाहिजे." म्हणजे मी महाराष्ट्र नव्हते, तो फेटा महाराष्ट्र होता. येईल तो विचारायचा, बंबई से आये हो? नागपूर म्हटलं की, हां हां, संतरे. कोणी म्हणे लावणी करून दाखवा, कोणी म्हणे वडापाव बनवता येतो का. पट्टा सारखा घसरायचा, म्हणून साहेबांनी कुठून तरी एक मोठी पिन आणून तो खांद्याला टोचून बसवला. दिवसभर मंडपात उभी राहून मी हात हलवत होते, फोटोला हसत होते, आणि आतल्या आत नुसती धुमसत होते.

रंजनाला कोणी नटवलं नव्हतं. ती सरळ बैलांकडे गेली. बैल तिथलेच होते, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे. उंच, पांढरे, आपल्या बैलांपेक्षा शांत. त्यांना आपली हाक कळेना. रंजना त्या म्हाताऱ्याजवळ बसून त्याची हाक शिकली. त्यांना चारा घातला, खरारा केला, मेळ्याचे दोन्ही दिवस तिथंच होती. तिच्या मागून ते वासरासारखे चालायला लागले होते.

आमची पाळी यायच्या आधी ती मला म्हणाली, "छकडी मले हाकू दे वं. बैल माह्या आवाजाले लागले. तू नुसती उभी राहून हात हलव, त्यायले तेच पाह्यजे."

बरोबरच बोलली होती ती. पण 'तू नुसती हात हलव' — हे मी दोन दिवस सगळ्यांकडून ऐकून घेतलं होतं, आता हिच्याकडूनही ऐकायचं? मी म्हटलं, पट्टा मले भेटला का तुले? तिनं बैलांच्या मानेवरून हात फिरवला आणि बाजूला झाली.

अर्ध्या वाटेवर बैल थांबले.

मी हाक दिली, कासरा ओढला, पाठीवर थाप मारली. ढिम्म. नथ ओठावर टोचत होती, फेटा कपाळावर उतरलेला. माईकवरचा माणूस म्हणाला, महाराष्ट्र की रानीजी थक गयी हैं, आणि सगळं मैदान हसलं. पुढच्या रांगेत पाहुणे बसले होते, त्यांच्या शेजारी आमचे साहेब — तेही हसत होते.

जनावरांचे डॉक्टर मेळ्यात हजर राहणार, काठी नाही, खिळा नाही, हे आम्हाला निघण्याआधीच बजावून सांगितलं होतं. माझ्या हातात काठी नव्हती. खांद्याला पिन होती. ती मी काढली, मुठीत धरली, आणि पाठीवर थाप मारल्यासारखं करून डावीकडच्या बैलाच्या पुठ्ठ्यात टोचली. एकदा नाही. तो उधळला तरी टोचत राहिले. खरं तर त्याला नव्हतेच टोचत मी — त्या माईकला, त्या नथेला, साहेबांच्या हसण्याला... पण कातडी तर त्याचीच होती ना?

छकडी सुसाट गेली. टाळ्या पडल्या. शेवटच्या खुणेपलीकडे मी पिन मातीत टाकून दिली.

पांढऱ्या बैलावर रक्त लपत नाही. म्हाताऱ्यानं आधी पाहिलं. तो खांद्यावरच्या कापडानं पुसत राहिला, आणि बैल प्रत्येक वेळी अंग चोरून घेत होता. मग डॉक्टर आले. ते म्हणाले, टोकदार काहीतरी टोचलंय, कोणी केलं हे? साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं.

आता बघा, मला कोणी काही विचारलंही नव्हतं अजून. नुसतं पाहिलं होतं. मीच बोलले. "माझे हात तर सगळ्यांनी पाहिलेत. सकाळपासून बैलांजवळ रंजनाच होती."

एवढंच. 'तिनं टोचलं' असं मी म्हटलं नाही. ते म्हणायची गरजच पडली नाही. साहेबांना राणी वाचवायची होती. बदली बाईनं जळफळाटानं जनावर आधीच दुखवून ठेवलं, ही गोष्ट त्यांना आयती मिळाली. रंजना म्हणाली, "मी कायले टोचीन? बाबाजीले विचारा." पण म्हाताऱ्याला मराठी कळत नव्हती, आणि साहेबांनी त्याला हिंदीतही विचारलं नाही. रंजनानं माझ्याकडे पाहिलं. माझा पट्टा खांद्यावरून घसरून कोपराशी आला होता. तिनं ते पाहिलं, बराच वेळ पाहत राहिली.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. इटारसी गेल्यावर तिनं विचारलं, "पिन कुठं हाय वं तुही?"

मी म्हटलं, "पडली असंल कुठं."

"बरं," ती म्हणाली. मला संत्रं सोलून दिलं. मी खाल्लं.

घरी आल्यावर बातमी आमच्या आधी पोचली होती. तिला पुढच्या पटांत कोणी नाव नोंदवू दिलं नाही. तिच्या वडिलांनी जोडी विकली. ते कुठल्याशा पटाच्या आयोजकांशी भांडले होते म्हणतात — माझी पोरगी असं करणार नाही म्हणून. आणि मी? मी राणी राहिले. दुसऱ्याच्या चुकीमुळे पोरीला किती त्रास झाला, असं लोक माझ्याबद्दल हळहळले. त्यातूनच तो ढेपेवाला फोटो आला. बंदी उठल्यावर बायकांचे पट पुन्हा भरवायचं ठरलं, तेव्हा समितीत मीही होते. कोणीतरी रंजनाचं नाव काढलं. एक जण म्हणाला, "ते खिळेवाली? नको गा." मी समोरच्या बशीतला चिवडा खात होते. खातच राहिले.

गेल्या पोळ्याच्या आठवड्यात उमरेडच्या एका शाळेनं बोलावलं. नेहमीचं भाषण झालं, नेहमीच्या टाळ्या. बाहेर आले तर मुलांना ने-आण करणाऱ्या व्हॅनच्या दाराशी रंजना उभी. ती व्हॅन तीच चालवते. थोडी जाड झाली आहे, केस पांढरे व्हायला लागलेत. "काऊन वं, ओळखलं नाही का?" म्हणाली. शेजारी तिची मुलगी, त्याच शाळेत चौथीला. तिला माझ्याबरोबर फोटो हवा होता. रंजनानं स्वतः मोबाईल धरला. "जरा हास वं," मला म्हणाली, "तुले तं सवय हाय."

फोटो झाल्यावर मुलीनं मला विचारलं, "मावशी, तुम्ही पंजाबात गेल्या होत्या तेव्हा आई पण होती ना? आई म्हणते, ते नुसती तुमचं सामान धरायला आली होती."

रंजना मोबाईलमध्ये फोटो बघत होती. तिनं मान वर केली नाही. घाई कोणालाच नव्हती. माईक नव्हता, साहेब नव्हते, हसणारं मैदान नव्हतं. एक लहान मुलगी तेवढी तोंडाकडे बघत उभी होती. तुझी आई माझ्यापेक्षा चांगली हाकायची, एवढं जरी म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यात पकडलं जाण्यासारखंही काही नव्हतं.

मैदानावर रागाच्या भरात झालं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. त्या दुपारी मला कसलाच राग आलेला नव्हता.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हो बेटा, आली होती सोबतीला."

आणि शाळेनं दिलेला नारळ तिच्या हातात ठेवून गाडीत बसले.