सूर धरणारं मशीन

गणूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. फोन मी घेतला. पलीकडे साताऱ्याची मामी होती. ती रडत नव्हती, म्हणून मला आधी काही कळलंच नाही. ती एवढंच म्हणाली, "सनई पुसत बसले हुते गं... पुसता पुसताच कलंडले." मी आईला काय आणि कसं सांगितलं, ते आठवत नाही. आठवतं ते इतकंच की सांगली ते सातारा एसटीत आई एकदाच बोलली. "ज्ञानूला कुणी कळवलं का?" असं तिनं विचारलं आणि मग खिडकीबाहेर बघत राहिली.

ज्ञानूमामा म्हणजे गणूमामांचा धाकटा भाऊ. दोघं मिळून लग्नात, देवळात, जत्रेत सनई वाजवायचे. म्हणजे धून वाजवायचे गणूमामा, आणि ज्ञानूमामा दुसऱ्या सनईवर एकच सूर धरून बसायचे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये कुठेही न तोडता. गाल फुगवून ठेवायचे आणि श्वास नाकानं घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. लहानपणी आम्ही भावंडं त्यांच्या गालांना हसायचो. मी शाळेत इंग्रजी माध्यमात, वर्गातल्या मुलींचे मामा इंजिनियर नाहीतर व्यापारी. माझे मामा सनई वाजवतात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण सुट्टीत साताऱ्याला गेले की त्यांच्या मागे मांडवात जाऊन बसायचे. लोक नवरानवरीकडे बघायचे, मी मात्र ज्ञानूमामांकडे बघायचे. ते कधीच कुणाकडे बघत नसत, फक्त भावाच्या बोटांकडे.

दोघा भावांचं बिनसलं ते वाईच्या एका लग्नात. जेवणं चालली होती, मांडव निवांत होता. ज्ञानूमामा म्हणाले, "दादा, एक धून मी वाजवू? तू सूर धर." एवढंच. गणूमामा हसले आणि बँडवाल्यांच्या, आचाऱ्यांच्या देखत म्हणाले, "तुझं काम सूर धरायचं, गड्या. त्यात काय हाय? उद्या मशीन आणलं तर ते बी धरंल." सगळे हसले. ज्ञानूमामाही हसले. पण तो हंगाम संपल्यावर ते मुंबईला गेले, कुठल्याशा गोदामात नोकरीला लागले. आपली सनई मात्र घरीच, खुंटीला अडकवून गेले.

गणूमामांनी नंतर दोन-तीन पोरं धरून बघितली. कुणाचा दम पुरेना, कुणाला एकच सूर धरून बसायची लाज वाटे. इलेक्ट्रॉनिक सूरपेटीही आणली. "सनईमागं पेटी म्हंजे लग्नात वकील आल्यावाणी वाटतंय," म्हणून ती परत केली. मग एका ऑर्केस्ट्रावाल्यानं त्यांना सॅम्पलरबद्दल सांगितलं. आपण देऊ तो आवाज थोडे सेकंद पकडून ठेवायचा आणि बटण दाबलं की तोच पुन्हा पुन्हा ऐकवायचा, एवढंच त्याचं काम. सांगलीत ऑर्केस्ट्रा आणि बँड पार्ट्यांना सामान पुरवणारं एक दुकान होतं. माहितीपुस्तक इंग्रजीत असणार म्हणून मामा मला घ्यायला घरी आले. "चला मॅडम," म्हणाले, "आज तुमच्या फीचं चीज होऊ द्या."

दुकानदारानं तीन यंत्रं मांडली. एकाला फ्लॉपी लागायची. दुसऱ्याला लांबलचक पट्ट्या होत्या आणि शंभर आवाज आधीच भरलेले. दुकानदार व्हायोलिन, बासरी, कुत्र्याचं भुंकणं असं एकेक वाजवून दाखवायला लागला. मामा शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "आवं, आमाला एकच पायजे. बाकीचे नव्व्याण्णव काढून स्वस्तात द्या की." तिसरं यंत्र आमच्या जेवणाच्या डब्याएवढं होतं. चार बटणं, एक माइक, सेलवर चालणारं, आणि बंद केलं तरी पकडलेला आवाज न विसरणारं. मामांचे प्रश्न वेगळेच होते. बोटं घामेजली तर बटण सरकंल का? मांडवातली लाइट गेली तर? मामीला चालवता येईल का? मी पुस्तक वाचून सांगितलं, की यात सगळं आहे, फक्त एकदा पकडलेला सूर वर-खाली करता येत नाही. महागाच्या दोन्हीत येतो. मामा म्हणाले, "सूर कशाला हालवायचा? सूर म्हंजे खुंटा. हालला तर त्यो सूर कसला?" स्वस्त, साधं, डब्याएवढं यंत्र आम्ही घेतलं. दुकानातच मामांनी घरून आणलेली ज्ञानूमामांची सनई पिशवीतून काढली, माइकसमोर धरली आणि डोळे मिटून सूर दिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी नुसता सूर धरला असेल. बाहेरचा रिक्षावाला डोकावून बघून गेला.

महिन्याभरानं ते पुन्हा सांगलीला आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, मशीन बिघडलंय, अर्ध्या तासानं सूर खाली पडतोय. दुकानदारानं तपासलं. सूर जिथल्या तिथेच होता. मग त्यानं मामांना तिथेच वाजवायला बसवलं. आधी सगळं जुळलेलं होतं. हळूहळू मामांची सनई श्वासाच्या उबेनं तापत गेली, चढत गेली, आणि मशीन आपलं खालीच. दोन सुरांमध्ये काहीतरी खुपायला लागलं, मलासुद्धा कळण्याइतकं. मामांनी सनई तोंडातून काढली आणि मांडीवर ठेवली.

"म्हंजे ज्ञानू माझ्यासंगं चढत हुता," ते म्हणाले. "येवढी वर्सं. मला कवा कळलं न्हाई गं."

मामांनी मग सनई चांगली तापू दिली आणि तापलेल्या सनईचा सूर नव्यानं मशीनमध्ये भरला. परतताना स्टँडजवळच्या एसटीडी बूथशी थांबले. गोदामाचा नंबर पाठ होता त्यांना. आत गेले, काचेआड रिसीव्हर हातात धरून उभे राहिले, आणि तसेच बाहेर आले. "फोनवर न्हाई बरं दिसत. समक्ष सांगीन, जत्रंला आला की." त्या जत्रेला ज्ञानूमामा आले नाहीत. पुढच्याही नाही. मामा मात्र लग्नाला गेले की आधी मांडवामागे बसून सनई तापवायचे आणि मगच मशीनचं बटण दाबायचे.

ज्ञानूमामा आले ते भाऊ गेल्यावर. सुतक फिटेपर्यंत थांबले, पण सनया आणि मशीन होतं त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मुंबईला निघायच्या सकाळी आपली सनई न्यायला म्हणून आत आले. मी तिथे होते. मामांचा निरोप मला सांगायचा होता. वाक्य मनात कितीदा तयार केलं होतं. तोंडातून ते निघेना, म्हणून मी मशीनचं बटण दाबलं. सूर सुरू झाला. ज्ञानूमामांनी मान वाकडी करून ऐकलं.

"ह्यो तापलेल्या सनईचा हाय."

"पहिल्यांदा गार सनईचा घेतला होता," मी म्हणाले. "मामांना जमेना. म्हणाले... ज्ञानू माझ्यासंगं चढत होता, मला कळलं नाही."

ते खाली बसले. सूर चालू होता. पकडलेला तुकडा संपून पुन्हा सुरू होतो तिथे त्या स्वस्त यंत्रात एक बारीक 'टक्' यायचं. इतके दिवस आम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो. ज्ञानूमामांच्या ते लगेच लक्षात आलं. "हितं दम तुटतोय दादाचा," ते म्हणाले. त्यांनी खुंटीवरची सनई काढली, पत्ती ओठांत धरून भिजवली. मला वाटलं, आता तरी ते धून वाजवतील. सूर धरायला दादा होताच. पण त्यांनी गाल फुगवले आणि सूरच धरला. आधी जरा खाली होता, मग तापत तापत वर गेला आणि भावाच्या सुराला जाऊन मिळाला. 'टक्' ऐकू येईनासं झालं. धून कुणीच वाजवत नव्हतं. मामी दारात येऊन उभी राहिली होती, पदर तोंडाला लावून.

मशीन आता मामीच्या भिंतीतल्या देवळीत असतं. मी सांगलीहून जाताना सेल घेऊन जाते. परवा गेले तर तिनं पुसता पुसता बटण दाबलं, ऐकत राहिली. 'टक्' आलं. पुन्हा आलं.

"भावजींना फोन लाव," ती म्हणाली. "म्हणावं, जत्रंला या आन् धून तुमी वाजवा. सूर धराया ह्ये हायत."