व्हर्नाची मोठ्यानं प्रार्थना

लिही गं, मॅडी, तुझी आजी सांगते तसं. आमच्या आयोवातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात व्हर्ना मुख्य होती. हाताला चव, नि देवाधर्माचं तर विचारूच नकोस. सकाळी भट्ट्या पेटवायच्या आधी आम्हा बायकांना गोल उभं करायची. हातात हात, डोळे बंद. मग सुरू. "प्रभू, आयरीनला वेळेवर यायची बुद्धी दे. प्रभू, रूथच्या सुनेला जरा घर झाडायची इच्छा होऊ दे."

आता ती बोलतेय देवाशी, मधेच भांडायचं कसं? आमेन म्हणायचं नि बटाटे सोलायला लागायचं. आणि कुणी आजारी पडलं की हीच पहिली दारात, गरम कॅसरोल घेऊन, म्हणजे भट्टीत भाजलेलं जेवण, भांड्यासकट. धड रागसुद्धा धरता यायचा नाही बघ.

ओपल भांडी धुवायची. तिचा मुलगा डॅरल तुरुंगात गेला. गावाला सांगितलं, टेक्ससला नोकरी लागली. खरं एकट्या व्हर्नाला सांगितलं, कोठीत, रडत रडत. "कुणाला बोलू नकोस गं. कळलं तर मी इथं पाऊल ठेवणार नाही."

"वेडी का काय! मी फक्त देवाला सांगेन."

सांगितलं की! दुसऱ्याच सकाळी, आम्हा सगळ्यांच्या देखत. "प्रभू, तुरुंगात आमच्या डॅरलला सांभाळ."

ओपलनं माझ्या हातातला हात सोडवून घेतला. तिनं ॲप्रन काढून खुंटीला अडकवला नि चालती झाली. व्हर्नाला खरंच कळेना. "अगं, प्रार्थनाच केली ना मी? शिवी दिली का?" संध्याकाळी कॅसरोल घेऊन गेली तिच्याकडे.

सकाळी ओपल भांडं परत द्यायला आली. आमच्यात भांडं रिकामं देत नाहीत. हे रिकामं होतं. ठेवलं, नि गोलात येऊन उभी राहिली. "आज प्रार्थना मी करते."

"कर गं बाई, कर!" व्हर्ना खूश.

"प्रभू, त्या दिवशी कोठीत व्हर्नानंही मला स्वतःचं काय सांगितलं, ते तुला ठाऊकच आहे. तिला सांभाळ. आमेन."

बस. आम्ही सगळ्यांनी डोळे उघडून व्हर्नाकडे बघितलं. कानापर्यंत लाल!

"काय गं सांगितलंस?" आयरीननं विचारलंच.

"बटाटे सोल!"

ओपलनं खुंटीवरचा ॲप्रन काढला नि बांधला. दुसऱ्या दिवसापासून व्हर्ना म्हणायला लागली, "आपापली मनातल्या मनात करा." इतकी शांत भक्ती त्या स्वयंपाकघरात कधी झाली नव्हती.

मी ओपलला एकदा हळूच विचारलं, सांग ना गं.

म्हणाली, "देवालासुद्धा उघड बोलले नाही मी. तू कोण लागून गेलीस?"