लाल तुपाचे दिवस

देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या वर्षी आमचे हे असेंब्लीवर निवडून आले. तोवर नगरच्या कोर्टात वकिली करत होते. निवडून आल्यावर नेमकं काय करायचं असतं, हे त्यांनाही नीट ठाऊक नसावं. गावोगाव हिंडायचे, लोकांचं ऐकायचे आणि घरी आले की माझ्याशी बोलत बसायचे. आम्हाला मूलबाळ अजून नव्हतं. एखाद्या दौऱ्यावर मलाही बरोबर नेत.

असंच एकदा काष्टीच्या बाजाराला गेलो. थंडीचे दिवस होते. गुरांच्या पायांनी उडालेली धूळ कोवळ्या उन्हात तरंगत होती, आणि माणसं त्या धुळीत शिरून दिसेनाशी होत होती. कडेला एक शेतकरीण तुपाची चरवी पुढ्यात घेऊन बसली होती. लोक थांबत, बोटावर तूप घेऊन हुंगत आणि पुढे जात. हे कोण आहेत ते तिला कुणीतरी सांगितलं, तशी तिनं हाक मारली.

"सायेब, तुमी कायदं करता म्हनं?"

"त्यासाठीच पाठवलंय खरं," हे म्हणाले.

"मग सांगा, माजं तूप खरं हाय हे म्या कसं दावू? घरच्या म्हशीचं हाय, सवता कढवलंय. पन डब्यातलं तूप मिसळून इकनारी लई झाल्याती. ती बी हेच म्हनत्यात, म्या बी हेच म्हनती. लोकांनी कुनाचं खरं धरायचं?"

डब्यातलं तूप म्हणजे वनस्पती. कारखान्यात तेलापासून करत. पांढरं, रवाळ, स्वस्त. खायला काही वाईट नव्हतं, पण साजूक तुपात मिसळलं की भल्याभल्यांना ओळखू येत नसे. आम्ही तिचं तूप घेतलं. तिचा प्रश्न यांनी वहीत टिपून घेतला.

परतीच्या गाडीत हे खिडकीला डोकं टेकून बसले. विसापूरचा तलाव आला, त्यावर पाखरं उतरत होती. पाखरांकडे बघता बघता हे एकदम म्हणाले, "ती बिचारी काय पुरावा देणार? त्या डब्यातल्या तुपालाच रंग दिला पाहिजे. कारखान्यातच. मग मिसळलं की दिसेल."

"कुठला रंग?" मी विचारलं.

ते हसले. "ते तू बघ."

झालं, दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी रंगपंचमी सुरू झाली. सासूबाईंनी वनस्पतीचा डबा स्वयंपाकघरात घेऊ दिला नाही. म्हणून मागच्या अंगणात शेवग्याखाली शेगडी मांडली. आधी हळद घातली, तर ते तूप उलट गाईच्या तुपासारखं दिसू लागलं! सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "आता तर मीसुद्धा फसेन." कुंकू तळाशी जाऊन बसलं. बिटाचा रस तुपात मिळेचना. शेवटी वैद्यांकडून रतनजोताची मुळं आणली. गरम तुपात ती सोडली आणि पातेल्यात लाल रंग हळूहळू पसरत गेला, ढगात संध्याकाळ पसरावी तसा. आम्ही दोघं बघत राहिलो. त्या तुपात मी पुऱ्या तळल्या. जांभळट दिसत होत्या, पण चवीला नेहमीसारख्याच. शेवग्याची फुलं गळून पातेल्यात पडत होती, ती काढत काढत हे विधेयकाची कलमं तोंडानं जुळवत होते. ते दिवस आठवले की मला अजून वाटतं, आपण ते जगलो की दुपारी झोपेत पाहिलं?

आमच्या शेजारी एका शाळामास्तरांचं बिऱ्हाड होतं. मास्तरीणबाईंना मी कौतुकानं ती पुरी दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि परत ताटात ठेवली.

"वहिनी, आमच्याकडे हेच तूप असतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आज पाहुण्यांच्या भातावर वाढलं तर कुणाला कळत नाही. उद्या ते लाल झालं की आमची परिस्थिती ताटातच दिसेल."

हे दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. नंतर म्हणाले, "हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. काष्टीची ती बाईही खरी आणि ह्याही खऱ्या. आता मी कुणाच्या बाजूनं बोलू?"

"दोघींच्या," मी म्हटलं. कसं, ते मलाही माहीत नव्हतं.

विधेयक चर्चेला आलं तेव्हा मीही मुंबईला गेले. प्रेक्षकांच्या सज्जात बसले. वर पंखे संथ फिरत होते, खाली माणसांचे आवाज पाण्यातून यावेत तसे येत होते. हे उठले. साजूक तूप विकणारीची अडचण त्यांनी सांगितली. मग कुणाचं नाव न घेता मास्तरीणबाईंचंही सगळं म्हणणं सांगितलं. आपल्याच विधेयकाविरुद्ध बोलतोय हा माणूस, म्हणून शेजारची मंडळी हसली. मला हसू आलं नाही. मला ते त्या क्षणी फार आवडले.

उत्तर देताना मंत्री म्हणाले की रंगवलेलं तूप एका प्रकारच्या मातीतून गाळलं की रंग निघून जातो, तेव्हा न निघणारा रंग सापडेपर्यंत थांबावं. मात्र वनस्पती विकणाऱ्या दुकानावर तशी ठळक पाटी असावी आणि तिथे सुटं साजूक तूप विकू नये, एवढं करायचं आश्वासन त्यांनी दिलं. यांनी विधेयक मागे घेतलं. पुढे काही गावांत पाट्या लागल्या, काही गावांत नाही. मास्तरीणबाईंचं तूप पांढरंच राहिलं. काष्टीच्या बाईचं पुढे काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

विधेयक मागे घेतलं त्याच रात्रीच्या गाडीनं आम्ही मुंबईहून परत निघालो. दौंडला उजाडताना गाडी बदलली. मला वाटलं होतं, हे खिन्न असतील. पण ते गार वाऱ्यात चहा पीत उभे होते, अगदी स्वस्थ. डब्यात समोर एक गृहस्थ बसले होते, हाताला फडकं गुंडाळलेलं. बोलता बोलता कळलं की घरचा रॉकेलचा स्टोव्ह टाकी फाटून भडकला होता. नवाकोरा होता.

"दुकानदार म्हणतो, तुम्हालाच पेटवता आला नाही," ते म्हणाले. "याला काही कायदा आहे का हो?"

"बहुतेक नाही," हे म्हणाले आणि उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "पण आधी सांगा, टाकी कुठल्या बाजूनं फाटली? पंप मारताना घट्ट लागत होता का?"

गाडी भीमेचा पूल ओलांडत होती. पात्रावर पांढरी वाफ होती. मी शालीत पाय ओढून घेतले. यांचे प्रश्न आणि त्या माणसाची उत्तरं ऐकता ऐकता मला कधी झोप लागली, कळलंच नाही.