पहिल्या नकारानंतर

पुण्यात आल्यावर पहिल्या महिन्यात मला तीन वेळा चहाचे बोलावणे आले आणि तिन्ही वेळा मी नको म्हटले. मला चहा नको होता असे नाही. तिन्ही वेळा हवा होता. दुसऱ्या वेळी तर मी सकाळपासून काही खाल्लेलेही नव्हते. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी पहिल्याच बोलावण्याला होकार देणे हावरटपणाचे समजतात. पाहुण्याने ‘नको, राहू द्या’ म्हणायचे, यजमानाने ‘असं कसं’ म्हणायचे, पाहुण्याने ‘खरंच नको, आत्ताच झाला’ असे धादांत खोटे सांगायचे, आणि तोवर आतून कपबश्यांचा आवाज येऊ लागलेला असतो. यात कोणी कोणाला फसवत नाही, कारण पुढचे वाक्य दोघांनाही पाठ असते. विद्यापीठातल्या माझ्या वर्गाला ते पाठ नव्हते. मी ‘नको, तुम्ही जा’ म्हटले आणि ते गेले. चौथ्यांदा कोणी विचारले नाही.

या घटनेचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मात्र दुसरे अनेक अर्थ मी लावले. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करायला आले होते आणि दिसेल त्याला कारण चिकटवल्याशिवाय मला झोप येत नसे. लोक मला टाळतात, हे निरीक्षण पक्के होते. कारण म्हणून मी आधी माझ्या बोलण्यावर संशय घेतला. पहिल्या आठवड्यात माझ्या तोंडून ‘का’ऐवजी ‘काहून’ निघाले तेव्हा एकीने ‘किती गोड बोलतेस गं’ असे म्हटले होते, आणि ते कौतुक नसावे इतपत पुणे मला एव्हाना समजले होते. मी बोलणे बदलायला घेतले. दोन महिन्यांनी घरी फोन केला तर आईने विचारले, ‘आपण कोण बोलताय?’ हा तिचा विनोद होता. मला तो प्रयोग यशस्वी झाल्याचा पुरावा वाटला.

वर्गात मात्र काहीही बदलले नाही. मग मी कपडे बदलले. त्यानेही काही झाले नाही, तेव्हा उपयुक्तता वाढवावी असे ठरवले आणि एका संपूर्ण पेपरच्या नोट्स स्वच्छ अक्षरात लिहून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या. दहा मिनिटांत अंगठेच अंगठे आले. त्यांपैकी एकही अंगठा दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी येऊन बसला नाही. प्रात्यक्षिकांत माझे काम चोख असे. माझेच काय, शेजारच्या टेबलावरचेही मी चोख करून देत असे. पहिल्या सत्रात मी पहिली आले. अभिनंदनाचे संदेश इतके आले की हॉस्टेलच्या खोलीत एकटीने बसून सगळ्यांना धन्यवाद लिहायला मला पूर्ण संध्याकाळ लागली.

हे असेच चालले असते, आणि खरे सांगायचे तर मी ते चालू दिले असते. एकटेपणाने अभ्यासाचे नुकसान होत नाही, असे माझे मत बनत आले होते. तेवढ्यात प्रकल्पाची सूचना लागली.

आमच्या विभागात एक मॅडम कापसाच्या मुळांभोवतीच्या जिवाणूंवर काम करत. त्यांच्या प्रयोगशाळेत प्रकल्प करायचा हे मी पुण्यात येण्याच्या आधीच ठरवले होते. किंबहुना त्याचसाठी पुण्याला आले होते. मला पुढे पीएच.डी. करायची होती, चांगल्या ठिकाणी करायची होती, आणि तिथली दारे मॅडमच्या शिफारसपत्राने उघडतात हे विभागात सर्वांना माहीत होते. सूचनेत लिहिले होते: तीन विद्यार्थ्यांचा गट, गट स्वतः जमवावा, तिघांच्या सह्यांचा अर्ज दहा दिवसांत द्यावा. ज्यांना गट मिळणार नाही त्यांची वेगळी यादी लागेल आणि ते उरलेल्या जागांवर वाटले जातील.

मी मॅडमना जाऊन भेटले. मी एकटीने तिघांचे काम करू शकते, हे मी मुद्देसूद मांडले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“एकटीला मी घेत नाही,” त्या म्हणाल्या. “जिवाणूंच्या कॉलन्या सुट्टी घेत नाहीत. तू आजारी पडलीस तर प्लेट्स कोण बघणार? तू पहिली आलीस ना? मग दोन माणसं जमवणं अवघड जाऊ नये.”

आजवर जी काही अट माझ्यासमोर आली होती तिचा अभ्यासक्रम छापलेला असे. हिचा नव्हता.

पाच दिवस मी काहीच केले नाही. सहाव्या दिवशी दुपारी, सगळे चहाला गेलेले असताना, मी धुण्याच्या खोलीत काचेच्या बश्या मोजत होते. तिथले प्रयोगशाळा सहायक काका मूळचे अकोल्याकडचे. उभे आयुष्य पुण्यात गेले तरी घरच्या बोलीला त्यांनी धक्का लागू दिला नव्हता. त्यांनी विचारले, मी काहून गेली नाही, विचारत नाहीत का कोणी? मी म्हटले, पहिल्या महिन्यात विचारले होते, मी नको म्हटले.

“मंग?”

“मग ते गेले.”

काकांनी नळ बंद केला आणि माझ्याकडे नीट पाहिले. “पोरी, हे पुणं आहे. इथं एकदा विचारतात. तू दुसऱ्यांदाची वाट पाहून राहिली, अन् ते चहा पिऊन वापस बी आले.”

इतके सुंदर गृहीतक मला आयुष्यात मिळाले नव्हते. त्याने सगळ्या निरीक्षणांचा उलगडा होत होता. त्यांनी मला नाकारले नव्हते, मी त्यांना नाकारले नव्हते. केवळ दोन ठिकाणचे रिवाज एकमेकांवर आदळले होते. शिवाय त्यात कोणाचीच चूक नव्हती, विशेषतः माझी.

उपाय उघड होता. पुढचे दोन दिवस मी कोणत्याही प्रश्नाला पहिल्याच फटक्यात हो म्हटले. चहाच्या वेळी मुद्दाम दारात उभी राहिले, एकीने ‘येतेस?’ विचारले, आणि चहाला गेले. मिसळीला गेले. कोणीतरी ‘हे बीकर धुशील का’ असे विचारले, त्यालाही हो म्हटले आणि धुतले. शनिवारी बसस्टॉपवर वर्गातली धायरीची एक मुलगी भेटली. ती प्रात्यक्षिकात माझ्या शेजारच्या टेबलावर असायची, आणि तिची घट्ट मैत्रीण होती वारज्याची एक मुलगी. दोघींनाही मॅडमचाच प्रकल्प हवा होता आणि त्यांना अजून तिसरी मिळालेली नव्हती, एवढी माहिती मी काढून ठेवली होती. बस आली तेव्हा ती पायरीवर पाय ठेवता ठेवता म्हणाली, “ये कधीतरी घरी. रविवारी असतो आम्ही.”

मी पत्ता विचारला. तिने तो जरा थांबून सांगितला. त्या थांबण्याचीही नोंद घ्यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी स्वारगेटला बस बदलून सकाळी अकरा वाजता धायरीला पोचले. दार तिच्या आईने उघडले.

“आपण?”

मी कोण ते सांगितले.

“ती केस धुतेय. येणार होतीस का तू?”

“तिनं रविवारी ये म्हटलं होतं.”

“ते आम्ही सगळ्यांनाच म्हणतो,” आई म्हणाल्या. “ये. बस.”

मी बसले. समोर तिचे वडील वर्तमानपत्र वाचत होते; त्यांनी मान हलवली आणि पुढचे पान उलटले. वीस मिनिटांनी आई बाहेर आल्या आणि त्यांनी विचारले, जेवायला थांबणार आहेस का? या प्रश्नाचे योग्य उत्तर ‘नाही’ आहे, हे त्यांच्या आवाजावरून तान्ह्या मुलालाही कळले असते. पण मी नियम बदललेले होते.

“हो,” मी म्हटले.

“बरं,” आई म्हणाल्या, आणि आत डब्याचे झाकण उघडल्याचा, तांदूळ आणखी एकदा मोजल्याचा आवाज आला.

धायरीची मुलगी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होते त्याला आनंद म्हणता येणार नाही. जेवताना वडिलांच्या पानातली कोशिंबीर माझ्या पानात कशी आली ते मी पाहिले आणि पाहिले नाही असे दाखवले. मग मी काकांचा सिद्धान्त मांडला. आमच्याकडे कसे दोनदा नको म्हणतात, इथे कसे एकदाच विचारतात, आणि त्यामुळे वर्षभर कसा गैरसमज झाला, हे सगळे क्रमाने सांगितले. वडील पहिल्यांदा हसले.

“म्हणजे तुमच्याकडे एका चहाला अर्धा तास लागतो,” आई म्हणाल्या. “गॅस केवढा जात असेल.”

मला वाटले, जमले.

जेवणानंतर आम्ही दोघी गच्चीवर गेलो. तिने टॉवेल सोडला, केस उन्हात धरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “चहाचं मला आठवतही नाही. कॉलनी मोजायच्या दिवशी तू प्रात्यक्षिकाच्या सरांसमोर काय बोललीस ते आठवतंय.”

मला आठवत नव्हते. मी तसे सांगितले.

“मी दहाच्या चौथ्याऐवजी पाचव्या घातानं गुणलं होतं. सर टेबलापाशी आले आणि मी बोलायच्या आधी तू म्हणालीस, सर, हिचं उत्तर दहापट चुकलंय.”

“पण ते चुकलंच होतं.”

हे वाक्य माझ्या तोंडून निघून गेले. मागे घेण्यासारखे त्यात काही नव्हते, कारण ते बरोबर होते. आणि त्यात वाईट होते ते तेच.

“चुकलं होतं,” ती म्हणाली. “मी तुझ्या शेजारी उभी होते. पाच मिनिटं आधी मला सांगायचंस.”

मी बचाव शोधला. प्रयोगशाळेत अचूकतेला महत्त्व असते, सर रागावले नव्हते, तिचे गुणही गेले नव्हते. प्रत्येक मुद्दा खरा होता आणि एकही बोलण्याजोगा नव्हता. माझ्याकडे गृहीतक होते. तिच्याकडे तो दिवस होता. आणि तसा एकच दिवस नव्हता. शेजारच्या टेबलावरचे काम मी चोख करून देते, असे मी वर्षभर समजत आले होते. ज्यांचे चोख झाले त्यांना काय वाटले हे विचारायचे मला सुचले नव्हते. चहाची गोष्ट खोटी नव्हती. फक्त तिच्या आडोशाला मला निवांत बसता येत होते.

“चुकलं माझं,” मी म्हटले. आमच्या घरी हे वाक्य फारसे वापरात नाही. ते उच्चारायला मला वेळ लागला. मग, हीच वेळ सर्वांत वाईट आहे हे कळत असूनही, कारण अर्जाला एकच दिवस उरला होता, मी विचारले, “मॅडमच्या प्रकल्पाला मला तुमच्या गटात घ्याल?”

तिने केस मागे टाकले. “त्यासाठी आलीस?”

“हो. त्यासाठीपण.”

“प्रामाणिक आहेस,” ती म्हणाली. “वैताग येतो.” मग तिने जोडले की तिला एकटीला ठरवता येणार नाही, वारज्याच्या मुलीला विचारावे लागेल, आणि तिलाही मी दुरुस्त केले आहे. दोनदा.

सोमवारी दुपारी त्या दोघी अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. दोन सह्या झालेल्या होत्या. वारज्याच्या मुलीने कागद माझ्यापुढे ठेवला आणि गोष्टी स्पष्ट केल्या. मी असले तर मॅडम गट घेतील, नसले तर घेणार नाहीत, एवढेच कारण आहे. मी आवडते अशी समजूत करून घेऊ नये. आणि सर किंवा मॅडम समोर असताना तिघींपैकी कोणीही कोणाची चूक काढणार नाही.

“आणि समोर नसताना?” मी विचारले.

“तेव्हा काढ. नाहीतर तुला कशाला घेतोय?”

मी तिसऱ्या रकान्यात सही केली. माझ्या शैक्षणिक आयुष्यात मी तिसरी पहिल्यांदाच आले होते.

मॅडमनी अर्ज वाचला, तिघींकडे एकेक करून पाहिले आणि विचारले, “तुम्ही मैत्रिणी आहात का?”

खोटे बोलावे की काय याचा मी विचार करत होते.

“नाही, मॅडम,” वारज्याची मुलगी म्हणाली.

“बरं झालं. मैत्रिणी गप्पा मारतात.” त्यांनी सही केली आणि खणातून प्रयोगशाळेची किल्ली काढली. “रविवारची पहिली पाळी कोणाची?”

“हिची,” धायरीची मुलगी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. “हिला रविवारी न बोलावता जायची सवय आहे.”

मॅडम हसल्या नाहीत. वारज्याची मुलगी हसली, आणि मग तिच्याकडे बघून धायरीची. पुण्यात अनोळखी माणसाशी सभ्यपणे बोलतात. टोमणा मारायला थोडी तरी ओळख लागते. वर्षभरात मला मारलेला तो पहिला टोमणा होता. त्यावर ‘बोलावलं होतं’ असे मी म्हणू शकले असते, आणि ते बरोबरही ठरले असते.

मी हात पुढे करून किल्ली घेतली.